चार अक्षरांत मिटवलेला प्रश्न

ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या सोसायटीत महिन्यातून एकदा खालच्या हॉलमध्ये सिनेमा दाखवतात. नंतर चहा आणि चर्चा. या वेळी ‘फॅन’ होता. मनीष शर्मा दिग्दर्शित, १५ एप्रिल २०१६ला आलेला, शाहरुख खानच सुपरस्टार आणि शाहरुख खानच त्याचा झपाटलेला चाहता. चहाचे कप हातात येईपर्यंत हॉलमध्ये दोन तट पडले. एका तटाचं म्हणणं, असली पोरं रिकामटेकडी, डोकी फिरलेली. आईबापांनी वेळीच दोन ठेवून दिल्या असत्या तर ही वेळ आली नसती. दुसऱ्या तटाचं म्हणणं, माज नटांनाच आलाय. आपल्या तिकिटांवर मोठे होतात आणि कुणी पाच मिनिटं मागितली तर पोलीस बोलावतात. पाऊण तास हेच चाललं. दोन्ही बाजू चुकीच्या जागी भांडताहेत असं मला सारखं वाटत होतं. एकाचं वेड आणि दुसऱ्याचा माज, म्हणजे सगळी चर्चा स्वभावांची. मधल्या व्यवहाराबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. माझं मत असं आहे की चाहत्याच्या वेडाला आज एक अख्खा धंदा खतपाणी घालतो. तो जवळीक विकतो. विकताना तोंड भरून शब्द देतो, आणि त्या शब्दाची वसुली करायला एखादा दारात उभा राहिला की ‘असं आम्ही म्हणालोच नव्हतो’ म्हणून हात वर करतो. समोरच्याला एकदा माथेफिरू ठरवलं की हात वर करणं फार सोपं जातं.

हा शब्द मी फार जवळून ओळखते. एका मराठी दैनिकात मी वीस वर्षं उपसंपादक होते. रात्रपाळीला उशिरा बातमी यायची, पान सोडायची घाई असायची, आणि ‘माथेफिरू’ हा शब्द चार अक्षरांचा, एका कॉलमात आरामात बसणारा. माथेफिरूचा हल्ला. माथेफिरू अटकेत. किती मथळ्यांत मी तो बसवला याची मोजदाद नाही. त्यातल्या एकाही माणसाबद्दल मनोविकारतज्ज्ञाचं मत माझ्या टेबलावर आलेलं नव्हतं. निदान झालेलं नसताना आम्ही आजार छापत होतो, आणि तो छापून झाला की दुसऱ्या दिवशी बातमीचा पाठपुरावा करायची गरज कुणालाच वाटत नसे. वेड्याने केलं, विषय संपला. त्या मथळ्यांचं मला आज मनापासून वाईट वाटतं.

‘फॅन’बद्दलची माझी तक्रार हीच आहे की त्या सिनेमाला हे सगळं दिसलं होतं. पहिला तास आठवा. चाहता गौरव दिल्लीतल्या एका वस्तीत सायबर कॅफे चालवतो. कॉलनीतल्या स्पर्धेत सुपरस्टार आर्यन खन्नाची नक्कल करून बक्षीस मिळवतो आणि ती ट्रॉफी त्याच्या हातात द्यायला मुंबईला निघतो. विनातिकीट, कारण आर्यनही असाच आला होता. उतरतो त्याच हॉटेलात, त्याच खोलीत. नट कुठल्या खोलीत राहिला होता हे दिल्लीतल्या पोराला ठाऊक असतं ते काही आपोआप नाही. ‘मीही तुमच्यासारखाच होतो’ ही कहाणी वर्षानुवर्षं घरोघरी पोचवावी लागते. ती पोचली, आणि हा मुलगा त्या कहाणीत राहायलाच गेला. वाढदिवसाला बंगल्याबाहेरच्या गर्दीत चेंगरतो, भेट होत नाही. मग आर्यनशी वाकडं असलेल्या एका नटाला धमकावून माफी मागायला लावतो. त्याच्या लेखी ही सेवा असते. आर्यन त्याला पोलिसांच्या ताब्यात देतो आणि समोरासमोर आल्यावर विचारतो, मी माझा वेळ तुला का द्यावा? त्या कोठडीतल्या प्रसंगात दोघंही खरे आहेत. सिनेमा तिथे श्वास रोखायला लावतो. पण पुढे काय होतं? लंडन, मेणाचे पुतळे, क्रोएशियातलं डुब्रोव्हनिक, कौलांवरून पळापळ. कॅफेत बसणारा पोरगा सराईतासारखा भिंती चढू लागतो. थरारपटाला खलनायक लागतो, समाजशास्त्राचा तास कुणाला हवा आहे, असं आमच्या हॉलमध्ये एक काका म्हणाले. मान्य आहे. पण तो फसला तो थरारपट म्हणूनच. भीती कधी वाटते? समोरच्या माणसात आपला भाचा दिसतो तेव्हा. कोठडीतला गौरव कुणाचाही भाचा असू शकतो, परदेशातल्या छपरांवरून उड्या मारणारा गौरव कुणाचाच नाही. ज्या क्षणी त्याला माथेफिरू करून टाकलं, त्या क्षणी सिनेमाने आपल्याला सोडून दिलं. आपण मजेत कुरमुरे खात बघू लागलो.

पडद्याबाहेर जे घडलं ते तर याहून बोलकं आहे. ‘जबरा फॅन’ हे गाणं या सिनेमाच्या जाहिरातीत सगळीकडे होतं. अवधूत गुप्ते यांच्या आवाजात ते मराठीतही निघालं. सिनेमात मात्र हे गाणं नाही. मराठवाड्यातल्या एका प्रेक्षक महिलेने याबद्दल ग्राहक मंचाकडे तक्रार केली. गाणं बघून तिकिटं काढली, गाणं दाखवलंच नाही. जिल्हा मंचाने तक्रार फेटाळली. राज्य आयोगाने १०,००० रुपये भरपाई आणि ५,००० रुपये खर्च द्यायला सांगितला. राष्ट्रीय आयोगाने तो आदेश कायम केला. आणि २०२४च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. सिनेमाची झलक प्रेक्षकाला तिकीट घ्यायला उद्युक्त करते, पण ती स्वतः करार किंवा वचन ठरत नाही, असा त्या निकालाचा आशय. निकाल योग्यच आहे असं मला वाटतं. झलकेतल्या प्रत्येक दृश्यावरून दावे होऊ लागले तर उद्या कुणी सिनेमाच काढणार नाही. पण ती महिला मंचापुढे जे म्हणत होती तेच गौरव पडद्यावर म्हणत होता: तुम्हीच म्हणाला होतात. आणि दोघांना उत्तर मिळालं तेही एकच, म्हणालो असू, पण शब्द दिला नव्हता. चाहत्याच्या निर्मळ आनंदाचं गाणं तिकीट खपवायला वापरलं आणि आत गेल्यावर हाती ठेवली ती सूडकथा. कायद्याने यात काही वावगं नसेल. म्हणून ते योग्य झालं का?

यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप मीच मांडते, कारण तो माझ्या पोटातला आहे. १९९०च्या मार्चमध्ये मी दहावीला होते. परीक्षा चालू असताना आमच्याच ठाणे जिल्ह्यात, उल्हासनगरला, एका मुलीला एकतर्फी प्रेमातून परीक्षेच्या वर्गात शिरून जाळलं. त्यानंतरच्या पेपराला माझी आई तीन तास केंद्राच्या फाटकाबाहेर उन्हात उभी होती. मी बाहेर आले तेव्हा पाण्याची बाटली तिच्या हातात तशीच भरलेली होती. पेपर कसा गेला हे तिने विचारलंच नाही, फक्त मनगट धरलं ते घरापर्यंत सोडलं नाही. तीनच वर्षांनी ‘डर’ आला, आणि मुलीचा जीव नकोसा करणाऱ्या माणसाला थेटरात टाळ्या पडताना मी ऐकल्या. त्यामुळे ‘पाठलाग करणाऱ्याचीही बाजू समजून घ्या’ असं कुणी म्हणालं की माझ्या अंगावर काटा येतो. समजून घेता घेता पाठराखण कधी सुरू होते ते कळत नाही. नटनट्या कुणाची मालमत्ता नाहीत. आर्यन खन्ना त्या मुलाला पाच मिनिटं काय, पाच सेकंदही देणं लागत नव्हता. फोटोत नकळत कमरेवर हात ठेवणाऱ्या ‘चाहत्याला’ झिडकारणारी अभिनेत्री उद्धट ठरवली जाते, तेव्हा मी तिच्या बाजूने उभी असते आणि राहीन.

पण १९९०नंतर काय झालं तेही बघा. जिल्हा हादरला, मोर्चे निघाले, आणि सगळ्यांच्या तोंडी तोच शब्द होता, माथेफिरू. मुलीचा पाठलाग करणं हा भारतीय दंड संहितेत स्वतंत्र गुन्हा व्हायला २०१३ उजाडलं. तेव्हा ३५४-ड हे कलम आलं. आता भारतीय न्याय संहितेत ते ७८वं आहे. मधली तेवीस वर्षं पोलीस चौकीत जाणाऱ्या बापाला ‘त्याने अजून काही केलंय का?’ हेच विचारलं जात होतं. वेडासाठी कायदा कोण करणार? वेड हे पावसासारखं, येतं आणि जातं, त्याला कुणी जबाबदार नसतं. याउलट कॅलिफोर्नियाचं उदाहरण घ्या. जुलै १९८९मध्ये रिबेका शेफर या तरुण अभिनेत्रीला तिच्याच दारात एका चाहत्याने गोळी घातली. तो मनाने ठीक नव्हता यात वाद नाही. पण तिथे लोकांनी पुढचा प्रश्न विचारला, याला तिच्या घराचा पत्ता दिला कुणी? उत्तर निघालं की खासगी गुप्तहेरांमार्फत, सरकारी वाहनखात्याच्या नोंदीतून. १९९०मध्ये कॅलिफोर्नियात पाठलागविरोधी कायदा झाला, १९९४मध्ये वाहनचालकांची माहिती जपण्याचा कायदा अमेरिकेच्या संसदेने केला. आणि मारेकरी? त्याला जन्मठेप झाली. कारणं शोधल्याने त्याची शिक्षा एका दिवसाने कमी झाली नाही. पाठराखणीची माझी भीती या उदाहरणापाशी थोडी शमते.

दुसरा आक्षेप आकड्यांचा. चाहते कोट्यवधी, त्यातला एखादाच हात उचलतो, मग दोष त्या एकाचाच नाही का? ८ डिसेंबर १९८०ला गायक जॉन लेननची सही घेऊन काही तासांनी त्याच माणसाने त्याला गोळ्या घातल्या. त्या दिवशी सही घेणारे बाकीचे आपापल्या घरी गेले. १९९३मध्ये हॅम्बुर्गला टेनिसपटू मोनिका सेलेसच्या पाठीत सुरी खुपसणारा तिची प्रतिस्पर्धी स्टेफी ग्राफ हिचा चाहता होता. त्याला ग्राफने किंवा टेनिसने काही विकलं होतं असं मीही म्हणणार नाही. काही ठिकाणी आजार हेच मुख्य कारण असतं, हे कबूल करायला हवं. पण ‘लाखांतला एक’ हा युक्तिवाद ठाणेकरांनी तरी जपून करावा. २०२५च्या जूनमध्ये मुंब्र्याच्या वळणावर दोन लोकल एकमेकींजवळून जाताना दारातली माणसं बाहेर फेकली गेली, काही जीवानिशी गेली. तेव्हाही लगेच कुणीतरी म्हणालंच होतं, दारात लटकायला सांगितलं कुणी? रोज लाखो लोक त्याच वळणावरून सुखरूप जातात, हेही खरंच आहे. पण सकाळी आठ-दहाला दिवा स्टेशनवरून गाडी पकडणाऱ्या माणसाला हे ऐकवून बघा. आपण त्या वेळी गाड्यांची गर्दी, डब्यांची संख्या, बंद होणारे दरवाजे याबद्दल बोललो, आणि ते योग्यच होतं. पडलेल्याची मनःस्थिती कुणी काढली नाही.

मग चाहत्याच्या बाबतीत दरवाजे कुठले? हॉलमध्ये प्रोजेक्टर लावायला वागळे इस्टेटमधल्या फ्लेक्सच्या दुकानात काम करणारा एक मुलगा येतो. चोवीस-पंचवीसचा असेल. चर्चा चालू असताना तो मागे वायर गुंडाळत होता. सगळे गेल्यावर मला म्हणाला, “काकू, ते गाणं पिक्चरमध्ये आलंच नाही ना? मी वाट बघत होतो.” मग खिशातून फोन काढला. एका मोठ्या नटाचा तो चाहता. त्या नटाच्या अधिकृत खात्यावरून त्याच्या कमेंटला कधीतरी लाल बदाम मिळाला होता. त्याचा स्क्रीनशॉट त्याने तीन फोन बदलले तरी जपून ठेवलेला, कडा धूसर झालेला. मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, “मला काय कळत नाही का काकू? ऑफिसातला पगारी पोरगा टाकतो तो. पण येतं तर त्यांच्याच नावाने ना?”

या एका वाक्यात त्याने सगळा व्यवहार सांगितला. बदाम टाकणारा पगारी, नाव मालकाचं, आणि समोरच्याची झोप उडालेली. १९५६मध्येच डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अमेरिकी अभ्यासकांनी दाखवून दिलं होतं की टीव्हीवरचा माणूस कॅमेऱ्यात बघून बोलतो तेव्हा घरातल्या प्रेक्षकाला तो आपल्याशीच बोलतोय असं वाटतं, आणि हे नातं एकाच बाजूने चालतं. तेव्हा निदान टीव्ही बंद करता यायचा. आता ‘तुम्ही माझं कुटुंब’ हे वाक्य दिवसातून चार वेळा खिशात येऊन पडतं. वाढदिवसाच्या शुभेच्छांचा व्हिडिओ पैसे भरून मिळतो. पहिल्या दिवसाचा पहिला खेळ भरवायला फॅन क्लबच्या गटांना निरोप जातात. या पोराच्या गटाने गेल्या वर्षी नाक्यावर वीस बाय दहाचा फ्लेक्स लावला होता, खर्च स्वतःच्या खिशातून. छपाई त्याने पगारातून कापून घेतली. दोन दिवसांनी महापालिकेची गाडी आली, फ्लेक्स उतरला. गुन्हा कुणावर? मालमत्ता विद्रूपीकरणाच्या १९९५च्या कायद्याखाली, फ्लेक्सच्या तळाशी ज्या पोरांची नावं होती त्यांच्यावर. वर ज्याचा चेहरा होता त्याच्या सिनेमाची मात्र भर नाक्यात दोन दिवस फुकट जाहिरात झाली.

पूर्वी सगळं छान होतं असं मी म्हणत नाही. बालगंधर्वांनी उतारवयातही स्त्रीभूमिका कराव्यात असा प्रेक्षकांचा हट्ट होता, आणि त्या प्रेमाने त्यांचं कर्ज काही फिटलं नाही. आमच्या ठाण्यात ज्यांच्या नावाचं नाट्यगृह आहे त्या काशिनाथ घाणेकरांच्या ‘अश्रूंची झाली फुले’ नाटकातल्या लाल्याला प्रवेशालाच शिट्ट्या पडायच्या. त्या शिट्ट्यांची नटाला आणि प्रेक्षकाला दोघांनाही सवय लागते, आणि ती सुटता सुटत नाही. तरी एक फरक मला आठवतो. लहानपणी बाबांनी मला गडकरी रंगायतनला प्रयोगानंतर रंगपटात नेलं होतं. नट आरशासमोर बसून खोबरेलाने रंग उतरवत होता, अर्धा चेहरा राजाचा आणि अर्धा कुणा शेजारच्या काकांचा. कितवीत आहेस, विचारलं. मग घड्याळ बघून म्हणाला, “चला, शेवटची गाडी गाठायचीय.” आम्हीही निघालो, तलावपाळीवर भेळ खाल्ली. मला जराही वाईट वाटलं नाही. त्या भेटीला सुरुवात होती आणि शेवट होता. रंग उतरताना मी डोळ्यांनी बघितला होता. आजचा व्यवहार रंग कधी उतरू देत नाही, कारण उतरला तर पुढचं तिकीट खपणार कसं?

आणि किंमत कोण देतं? ४ डिसेंबर २०२४ला हैदराबादमध्ये ‘पुष्पा २’च्या खास खेळाला चेंगराचेंगरीत एक आई गेली, तिचा मुलगा गंभीर जखमी झाला. ४ जून २०२५ला बेंगळुरूच्या स्टेडियमबाहेर विजयोत्सवाला आलेले अकरा जण गेले. दोन्ही वेळा आमच्या सोसायटीतलंच भांडण देशभर झालं: लेकराला घेऊन जायला आईला वेड लागलं होतं का, आणि नटाला माज आला होता का. दारं किती उघडी होती, आमंत्रण कुणी धाडलं, किती माणसांसाठी धाडलं, हे प्रश्न आधी विचारायचे असतात. आपल्याकडे नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर २०१७ला जस्टिन बीबर आला, २०२५ला कोल्डप्ले. पुढेही कुणी ना कुणी येतच राहील. तेव्हा हे प्रश्न कार्यक्रमाआधी विचारलेले बरे.

नटाने प्रत्येकाला भेटावं अशी माझी मागणी नाही. मागणी धंद्याकडे आहे, आणि ती फार मोठीही नाही. नटाच्या नावाने पगारी माणूस उत्तर देत असेल तर तसं त्या खात्यावर लिहा. गर्दी बोलावणाऱ्याने गर्दीची लेखी जबाबदारी घ्यावी, तिकीट असो वा नसो. माझ्या व्यवसायातल्या मंडळींनी डॉक्टरांचा शब्द हाती येईपर्यंत ‘माथेफिरू’ छापू नये. ‘हल्लेखोर’ हा शब्दही एका कॉलमात बसतो, मी बसवून पाहिला आहे. आणि नाक्यावरचा फ्लेक्स उतरवाल तेव्हा तळाशी नावं असलेल्या पोरांवर खुशाल गुन्हा नोंदवा, पण वर ज्याचा चेहरा आहे त्याच्या निर्मिती कंपनीलाही एक नोटीस धाडा.